युरोपची आगगाडीवारी : आधी वही, मग नकाशा

जेवणाच्या टेबलावर युरोपचा नकाशा पसरला की सारी शहरे हाताच्या अंतरावर दिसू लागतात. ॲमस्टरडॅम आणि पॅरिस यांच्यात वीतभरही अंतर नसते. आल्प्सच्या रांगा ओलांडल्या की लगेच इटली लागते, आणि व्हिएन्नाहून प्राग तर शेजारच्या गल्लीत असल्यासारखे भासते. हाती पेन्सिल असलेल्या माणसाला अशा वेळी मोह आवरत नाही.

निवृत्तीला दोन वर्षे उरलेले एक मध्यमवर्गीय दांपत्य नजरेसमोर आणावे. मुले मार्गी लागली आहेत, घराचे कर्ज फिटले आहे आणि वर्षानुवर्षे पुढे ढकललेला युरोपचा प्रवास आता करायचा आहे. तोही सहल कंपनीच्या बसमधून नव्हे, तर आगगाडीने, स्वतःच्या सवडीने. पतीने नकाशावर आठ वर्तुळे काढली : ॲमस्टरडॅम, पॅरिस, लुझर्न, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, व्हिएन्ना आणि प्राग. मुक्काम तेरा रात्रींचा. ‘आयुष्यात पुन्हा कधी जाणार?’ हा त्यामागचा युक्तिवाद. पत्नीने काही न बोलता घरखर्चाची वही उघडली आणि तीन रकाने आखले : शहर, रात्री आणि स्थलांतर.

युरोपच्या रेल्वेप्रवासाचे नियोजन खरे तर या तिसऱ्या रकान्यापासून सुरू होते. बहुतेक प्रवासी पहिल्या रकान्यावरच थांबतात. त्यामुळे सहल महाग पडते आणि परतल्यावर आठवणीत राहतात ती फक्त स्थानके.

स्थलांतराची किंमत

एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणे म्हणजे केवळ गाडीत बसणे नव्हे. सकाळी सामान बांधायचे, हॉटेलची खोली सोडायची, स्थानकावर वेळेआधी पोहोचायचे, प्रवास करायचा, नव्या शहरात हॉटेल शोधायचे आणि खोली मिळण्याची वेळ होईपर्यंत सामान सांभाळत थांबायचे. गाडी दोन तासांची असली तरी अर्धा दिवस हातचा जातो. आठ शहरांसाठी सात स्थलांतरे होतात, म्हणजे साडेतीन दिवस सामानाच्याच सेवेत जातात. चार शहरे ठरवली तर स्थलांतरे तीन, आणि गेलेला वेळ दीड दिवस. त्याच तेरा रात्रींच्या सहलीत दोन पूर्ण दिवस अधिक मिळतात आणि त्यासाठी एक पैसाही जास्त मोजावा लागत नाही.

वहीतील हा हिशेब पाहून आठ वर्तुळांपैकी चार पुसली गेली. उरलेला मार्ग एका सरळ रेषेत आला : पॅरिस चार रात्री, लुझर्न तीन, फ्लॉरेन्स तीन आणि रोम तीन. सरळ रेषेचा आणखी एक फायदा आहे. जाताना पॅरिसला उतरायचे आणि परतीचे विमान रोमहून पकडायचे, असे एकत्रित तिकीट विमान कंपन्या देतात. बऱ्याच वेळा त्याचे भाडे एकाच शहराच्या जाण्यायेण्याच्या भाड्याइतकेच पडते. ज्या शहरात उतरलो तेथेच परत येण्यासाठी मग शेवटचा एक दिवस आणि एक लांबचे रेल्वेभाडे खर्ची पडत नाही.

वगळलेल्या शहरांसाठी हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर उपाय आहे तो एका शहरात मुक्काम ठेवून आसपास फिरण्याचा. फ्लॉरेन्सहून पिसा साध्या प्रादेशिक गाडीने तासा-सव्वा तासात गाठता येते आणि रात्री परत आपल्याच खोलीत येता येते. लुझर्नहून बोटीने सरोवर ओलांडून रिगी पर्वतावर जाता येते. सामान मात्र खोलीतच राहते.

आगगाडी का?

युरोपात स्वस्त विमानसेवा विपुल आहेत आणि त्यांची जाहिरातीतील भाडी रेल्वेपेक्षा कमी दिसतात. पण त्यांतील कित्येक विमाने शहरापासून दूरच्या विमानतळांवर उतरतात. ‘पॅरिस’ म्हणून ओळखला जाणारा बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ऐंशी किलोमीटर दूर आहे. सामानाचे वेगळे शुल्क, बसचे भाडे आणि सुरक्षा तपासणीतील तास जमेस धरले की स्वस्ताईचा भ्रम ओसरतो. याउलट रेल्वे स्थानके शहराच्या मध्यभागी असतात. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला स्थानकातून बाहेर पडून दहा-पंधरा मिनिटे चालले की तेथील भव्य कॅथेड्रल समोर उभे राहते.

या दांपत्याचा मार्गही रमणीय आहे. पॅरिसच्या गार द लियों स्थानकातून वेगवान तेझेवे गाडी सुमारे तीन तासांत स्वित्झर्लंडच्या सीमेवरील बाझेलला पोहोचते. तेथून लुझर्न तासाभरावर. लुझर्नहून मिलानकडे जाणारी गाडी गॉटहार्डच्या पायथ्याच्या बोगद्यातून जाते. ५७ किलोमीटर लांबीचा हा जगातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा २०१६ साली खुला झाला. मिलानहून फ्लॉरेन्स दोन तासांच्या आत, तर फ्लॉरेन्सहून रोम सुमारे दीड तासात येते. लुझर्न ते फ्लॉरेन्स हा टप्पा मिलानला गाडी बदलून एका दिवसात सहज पार पडतो. मात्र दोन गाड्यांमध्ये किमान तासाभराची सवड ठेवावी, कारण सीमा ओलांडून येणारी गाडी उशिरा पोहोचणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे.

सुटी तिकिटे की पास?

युरोपबाहेरील प्रवाशांसाठी १९५९ पासून ‘युरेल’ पास उपलब्ध आहे. आज तो ३३ देशांत चालतो. महिनाभरात निवडलेल्या चार दिवसांपासून ते सलग तीन महिन्यांपर्यंत त्याचे विविध प्रकार आहेत. साठ वर्षांवरील प्रवाशांना सवलत मिळते, २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना त्याहून अधिक मिळते, आणि चार ते अकरा वर्षांची मुले मोठ्यांसोबत विनामूल्य प्रवास करतात. ‘पास घेतला की काम झाले’ असा समज त्यामुळे सर्वत्र रूढ आहे. तो अपुरा आहे.

फ्रान्स, इटली आणि स्पेनमधील वेगवान गाड्यांत पास असला तरी आसन आरक्षित करावेच लागते आणि त्याचे शुल्क निराळे असते. फ्रान्सशी जोडलेल्या काही आंतरराष्ट्रीय गाड्यांत पासधारकांसाठी ठरावीकच आसने राखलेली असतात आणि ती लवकर संपतात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये परिस्थिती वेगळी आहे. तेथील बहुतेक देशांतर्गत गाड्यांत पासधारक आरक्षणाशिवाय बसू शकतो. म्हणून पासाचा विचार करताना त्याची किंमत पाहण्याआधी आपला मार्ग कोणत्या देशांतून जातो हे पाहिले पाहिजे.

वहीत दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी मांडले गेले. चार दिवसांचा पास माणशी ३०० युरोंच्या घरात धरला, ज्येष्ठांची सवलत वजा करून २७० युरो, आणि आरक्षणांचे ५० युरो मिळवून एकूण ३२०. तीन टप्प्यांची सुटी तिकिटे दोन-तीन महिने आधी काढली तर माणशी १७० युरोंत बसतात असा अंदाज निघाला. इटलीत मिलान ते रोम या मार्गावर २०१२ पासून सरकारी कंपनीबरोबर ‘इतालो’ ही खासगी कंपनीही वेगवान गाड्या चालवते. या स्पर्धेमुळे तेथे आगाऊ तिकिटे विशेष स्वस्त मिळतात. तेव्हा या मार्गासाठी सुटी तिकिटेच योग्य ठरली.

मात्र स्वस्त तिकिटाला अट असते : ठरलेली तारीख आणि ठरलेली गाडी. ती चुकली की पैसे बुडतात. ज्याला कार्यक्रम आयत्या वेळी बदलायचा आहे, लांबचे सहा-सात टप्पे करायचे आहेत किंवा प्रवासाच्या तोंडावर तिकिटे काढायची आहेत, त्याला पासच परवडेल. थोडक्यात, सुट्या तिकिटात पैसे वाचतात, तर पासात स्वातंत्र्य मिळते. आपल्याला यांपैकी कशाची गरज आहे हे ज्याचे त्याने ठरवावे.

स्वित्झर्लंडसाठी वेगळा ‘स्विस ट्रॅव्हल पास’ आहे. तीन दिवसांसाठी त्याला सुमारे २५० फ्रँक पडतात आणि त्यात गाड्या, बस, सरोवरातील बोटी, बरीचशी संग्रहालये आणि रिगीची पर्वतीय रेल्वे यांचा समावेश होतो. रिगीची ही दातेरी चाकांची रेल्वे १८७१ साली सुरू झाली आणि युरोपातील पहिली पर्वतीय रेल्वे म्हणून तिची ख्याती आहे. ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राऊयोख स्थानकाचे आकर्षण मोठे असले तरी इंटरलाकेनहून जाण्यायेण्याचे पूर्ण भाडे माणशी दोनशे फ्रँकांहून अधिक होते आणि स्विस पासावर शेवटच्या टप्प्यात केवळ सवलत मिळते. रिगीच्या माथ्यावरूनही आल्प्सची हिमशिखरे दिसतातच.

व्हिसा : अधिक रात्री कोठे?

शेंगेन करारात आज २९ देश आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे एकाच व्हिसावर हा सारा प्रवास होतो. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र शेंगेनबाहेर आहेत. लंडनचा मोह झाल्यास दुसरा व्हिसा आणि दुसरे शुल्क यांची तयारी ठेवावी.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, या प्रश्नावर अनेकांची गफलत होते. प्रथम ज्या देशात उतरणार त्या देशाकडे अर्ज करायचा, असा समज आहे. नियम असा की ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम समसमान असेल तरच प्रथम प्रवेशाचा देश पाहिला जातो. आपल्या दांपत्याचे विमान पॅरिसला उतरते, पण रात्री मोजल्या तर फ्रान्समध्ये चार, स्वित्झर्लंडमध्ये तीन आणि इटलीत सहा. म्हणून अर्ज इटलीकडे. रात्रींचा रकाना येथेही कामी येतो.

प्रौढांसाठी व्हिसा शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारणतः पंधरा दिवस लागतात, पण काही प्रकरणी ४५ दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते. शिवाय उन्हाळी हंगामात अर्ज केंद्रावर भेटीची वेळ मिळणे दुर्घट होते. तीन-चार महिने आधी अर्ज करणे हेच शहाणपणाचे. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. हृदयविकार किंवा मधुमेह असल्यास विमा अर्जात तो न लपवता नमूद करावा, अन्यथा नेमक्या गरजेच्या वेळी दावा फेटाळला जाऊ शकतो.

अर्जासोबत बँकेचे गेल्या काही महिन्यांचे खातेउतारे आणि आयकर विवरणपत्रे द्यावी लागतात. खात्यातील शिल्लक फुगवण्यासाठी अर्जाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून उसनी रक्कम आणून भरणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. उताऱ्यातून दिसायला हवी ती नियमित आवक आणि नियमित बचत. दोन वर्षे चाललेले आवर्त ठेव खाते या दृष्टीने एकदम आलेल्या मोठ्या रकमेहून अधिक विश्वासार्ह ठरते.

व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारी कोणतीही नोंदणी करू नये. हॉटेले रद्द करता येतील अशी घ्यावीत. रेल्वेची स्वस्त तिकिटे व्हिसा मिळाल्याच्या दिवशीच काढावीत.

खर्चाची वही

आता मूळ हिशेब. दोन माणसे, तेरा रात्री, मध्यम प्रतीची हॉटेले. विनिमय दर जाणीवपूर्वक चढा धरला आहे : एका युरोला ११० रुपये आणि एका स्विस फ्रँकला १२० रुपये. २०२५ साली युरोने शंभर रुपयांची पातळी ओलांडली, हे लक्षात घेता अंदाजपत्रकात दर चढाच धरलेला बरा. पुढील आकडे हे नमुन्याचे अंदाज आहेत. हंगामानुसार ते बदलतील, पण त्यांचे परस्पर प्रमाण पाहण्याजोगे आहे.

• विमानभाडे, माणशी ६५,००० रुपये : १,३०,०००
• व्हिसा शुल्क, केंद्राचे सेवाशुल्क आणि विमा : ३०,०००
• शहरांमधील रेल्वे तिकिटे, ३४० युरो : ३७,४००
• स्विस पास, दोघांचे ५०० फ्रँक : ६०,०००
• हॉटेले (पॅरिस १३०, लुझर्न १६०, फ्लॉरेन्स ११० आणि रोम १२० युरो प्रतिरात्र), एकूण १,६९० युरो : १,८५,९००
• हॉटेलातील शहरकर, १३० युरो : १४,३००
• शहरांतर्गत बस आणि मेट्रो, १६० युरो : १७,६००
• जेवणखाण, ८४० युरो : ९२,४००
• प्रेक्षणीय स्थळांची तिकिटे, २८० युरो : ३०,८००

बेरीज ५,९८,४०० रुपये. त्यावर आकस्मिक खर्चासाठी दहा टक्के, म्हणजे सुमारे ६०,००० रुपये. एकूण तरतूद साधारण ६ लाख ६० हजार रुपये.

या यादीतून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. ज्या रेल्वे तिकिटांवर प्रवासी महिनोन्महिने डोकेफोड करतात, त्यांचा वाटा बेरजेच्या शंभर रुपयांत जेमतेम सहा रुपये आहे. राहण्यावर मात्र एक तृतीयांश रक्कम खर्च होते. त्याही पुढे जाऊन या बेरजेला तेरा रात्रींनी भागले तर एका दिवसाची किंमत सुमारे ४६,००० रुपये निघते. आठ शहरांऐवजी चार शहरे केल्याने वाचलेल्या दोन दिवसांचे मोल ९२,००० रुपये झाले, म्हणजे सगळ्या रेल्वे तिकिटांच्या दुपटीहून अधिक. प्रवासातील सर्वांत मोठी बचत तिकीट खिडकीवर होत नाही. ती नकाशावरील वर्तुळे पुसताना होते.

बाकीची बचत लहानसहान गोष्टींत आहे. रोममध्ये रस्तोरस्ती ‘नासोनी’ नावाचे पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, दोन हजारांहून अधिक. स्वित्झर्लंडमधील सार्वजनिक कारंज्यांचे पाणीही बहुधा पिण्यायोग्य असते, आणि नसेल तेथे तशी पाटी असते. दिवसातून एक जेवण किराणा भांडारातील पाव, फळे आणि दही यांवर भागवले तर खर्च आटोक्यात राहतो. घरून चिवडा, दशम्या, खाकरे न्यावेत. पण युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यास बंदी आहे, त्यामुळे तूप, पनीर, खवा घरीच ठेवावेत.

संग्रहालयांचे सुटीचे वार पाहूनच मुक्काम ठरवावा. पॅरिसचे लूव्र मंगळवारी बंद असते, फ्लॉरेन्सची उफिझी कलावीथी सोमवारी आणि रोममधील व्हॅटिकन संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार वगळता रविवारी. लूव्रने जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरील प्रेक्षकांसाठी प्रवेशशुल्क ३२ युरो केले आहे. इतके शुल्क मोजायचे तर दार उघडे आहे याची आधी खात्री केलेली बरी.

परकीय चलन

भारतीय रहिवाशाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशात खर्च करता येते. सहलीसाठी ही मर्यादा पुरून उरते. तथापि परकीय नोटांच्या स्वरूपात एका वेळी तीन हजार डॉलरइतकीच रक्कम नेता येते. उरलेली रक्कम प्रवासी कार्डावर भरून न्यावी. युरो आणि फ्रँक दोन्ही एकाच कार्डावर भरता येतात. सर्व चलन एकाच दिवशी न घेता चार-पाच महिन्यांत टप्प्याटप्प्याने घेतले तर दराच्या चढउताराचा धक्का सौम्य होतो. परतल्यावर शिल्लक चलन १८० दिवसांत बँकेत परत करावे. दोन हजार डॉलरपर्यंतचे चलन पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येते.

उगमस्थानी गोळा होणाऱ्या कराविषयीही, म्हणजे टीसीएसविषयी, गैरसमज आहेत. या योजनेखालील सहलखर्चासाठी त्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपये करण्यात आली. म्हणून स्वतः आखलेल्या, माणशी सव्वातीन लाखांच्या आसपासच्या सहलीवर तो लागत नाही. सहल कंपनीकडून संपूर्ण पॅकेज घेतल्यास मात्र त्याचे नियम आणि दर वेगळे असतात आणि अर्थसंकल्पागणिक ते बदलत आले आहेत. नोंदणीच्या वेळी लागू असलेला दर विचारून घ्यावा. हा कर बुडीत खर्च नसून आयकर विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. तोपर्यंत रक्कम अडकून राहते, एवढे ध्यानात ठेवावे.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या निर्देशांनुसार नव्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंद असतात. निघण्यापूर्वी ते सुरू करावेत, खर्चमर्यादा ठरवावी आणि परतल्यावर पुन्हा बंद करावेत. युरोपातील दुकानात यंत्र ‘रुपयांत भरणार की युरोत?’ असे विचारते. उत्तर नेहमी युरो असेच द्यावे, कारण रुपयांचा पर्याय निवडल्यास रूपांतराचा चढा दर लागतो. दोघांची कार्डे वेगवेगळ्या पाकिटांत असावीत, आणि बँकेचा गुप्त संकेतांक ज्या भ्रमणध्वनीवर येतो तो क्रमांक परदेशात चालू राहील याची व्यवस्था करावी. पॅरिस आणि रोमच्या मेट्रोत पाकीटमारांचा उपद्रव प्रसिद्ध आहे.

फलाटावर

युरोपातील स्थानकांवर हमाल जवळपास दिसत नाहीत. गाडीच्या पायऱ्या चढून सामान स्वतःच वर ठेवावे लागते. विमान कंपनी २३ किलो नेऊ देते म्हणून तितके नेणे हा साठीच्या उंबरठ्यावरील गुडघ्यांवर अन्याय आहे. जी बॅग एकट्याने उचलून दोन जिने चढता येत नाही, ती बॅग मोठी आहे असे समजावे.

इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट फलाटावरील यंत्रात ठसा मारून घेतल्याशिवाय ग्राह्य धरले जात नाही. तिकीट खिशात असूनही दंड भरणारे प्रवासी तेथे रोज भेटतात. तेथे संपही होतात, परंतु त्यांची सूचना आधी जाहीर होते आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवल्या जातात. युरोपीय संघाच्या नियमांनुसार गाडी तासाभराहून अधिक उशिरा पोहोचल्यास भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास ५० टक्के भरपाई मागता येते. नैसर्गिक आपत्तीसारख्या असाधारण कारणांना अपवाद आहे. तिकीट जपून ठेवणे आणि मागणी करणे हे मात्र प्रवाशाचे काम.

काही वेळा अडथळा याहून मोठा असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये गॉटहार्ड बोगद्यात मालगाडी घसरली आणि तेथील वाहतूक पूर्ववत होण्यास सप्टेंबर २०२४ उजाडला. त्या काळात प्रवासी गाड्यांना जुन्या डोंगरी मार्गाने वळसा घ्यावा लागत होता. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री विमानतळ असलेल्या शहरातच मुक्काम असावा. लांबचा रेल्वेप्रवास आणि विमान एकाच दिवशी गुंफू नयेत.

पैसा कोठून?

सहा लाख साठ हजार रुपये ही मध्यमवर्गीय घरात लहान रक्कम नव्हे. ती उभी करण्याचे तीन मार्ग दांपत्यासमोर होते. पहिला म्हणजे निवृत्तीनंतर हाती येणाऱ्या भविष्यनिर्वाह निधीतून किंवा उपदानातून खर्च करणे. ही रक्कम पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या औषधपाण्याची आहे. ती आनंदाच्या पहिल्या भरात मोडली की पुन्हा भरून काढण्यासाठी पगार उरलेला नसतो. दुसरा मार्ग वैयक्तिक कर्जाचा. बारा टक्के दराने तीन वर्षांसाठी एवढे कर्ज घेतले तर मासिक हप्ता सुमारे २१,९०० रुपये येतो आणि एकूण व्याज १ लाख २९ हजारांच्या घरात जाते. शिवाय फेड संपेपर्यंत निवृत्ती येऊन ठेपलेली असते.

तिसरा मार्ग आवर्त ठेवीचा. दरमहा २६,००० रुपये, मुदत चोवीस महिने आणि व्याजदर साडेसहा टक्के धरला, तर मुदतीअंती सुमारे ६ लाख ६७ हजार रुपये जमा होतात. व्याजावरील कर वजा जाता आकस्मिक तरतुदीला थोडी कात्री लागेल, इतकेच. कर्जाचा हप्ता आणि ठेवीचा हप्ता यांत महिन्याला चार हजारांचेच अंतर आहे. फरक एवढाच की एका मार्गाने प्रवास आधी आणि हप्ते नंतर, तर दुसऱ्या मार्गाने हप्ते आधी आणि प्रवास निश्चिंत मनाने.

वेळापत्रकही त्यातूनच ठरले. चोवीस महिने आधी आवर्त ठेव. आठ महिने आधी मार्ग आणि तारखा निश्चित. शाळांच्या सुट्यांचे बंधन नसल्याने सप्टेंबर महिना निवडला, कारण तोवर उन्हाळ्याची गर्दी ओसरते आणि हवा सुखद असते. सहा महिने आधी रद्द करता येणारी हॉटेले. चार महिने आधी व्हिसाचा अर्ज. व्हिसा मिळताच विमानाची पक्की आणि रेल्वेची स्वस्त तिकिटे. आणि अखेरच्या महिन्यात लूव्र, उफिझी, व्हॅटिकन येथील प्रवेशाची वेळ राखून ठेवणे.

वहीच्या शेवटच्या पानावर पत्नीने पुसलेल्या चार शहरांची नावे लिहून ठेवली : ॲमस्टरडॅम, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग. ‘आयुष्यात पुन्हा कधी जाणार?’ या प्रश्नाला तेव्हा उत्तर नव्हते. पहिली आवर्त ठेव मुदतपूर्ण होऊन सहल कर्जाविना पार पडली, की त्या पानासमोर नव्या ठेवीचा क्रमांक लिहिता येईल. तोवर पेन्सिल आणि नकाशा त्याच कपाटात, वहीच्या शेजारी राहू द्यावेत.